शिडाच्या नौकेवरील शिधा

शिडाच्या नौकेवरील शिधा म्हणजे शिडाच्या नौकेतून सुट्टीसाठी किंवा दीर्घ सागरी सफरीसाठी निघताना बरोबर घेतलेला अन्नपाण्याचा साठा, तसेच तो निवडण्याची, मोजण्याची, रचण्याची व पुरवून वापरण्याची पद्धत. यंत्रनौकेची वेळ साधारण ठरलेली असते, शिडाच्या नौकेची वाऱ्यावर अवलंबून राहते. त्यामुळे शिध्याचा हिशेब प्रवासाच्या अपेक्षित दिवसांवर न करता लागू शकणाऱ्या जास्तीत जास्त दिवसांवर केला जातो. या हिशेबात अन्नापेक्षा पाण्याला, आणि साठा किती आहे यापेक्षा तो वेळेला हाताशी येतो की नाही याला अधिक महत्त्व आहे.

कोकण किनाऱ्यावर शिडाच्या जहाजांची परंपरा जुनी आहे. गलबत, शिबाड, मचवा, पडाव, फत्तेमारी अशा जहाजांवर तांदूळ, सुकी मासळी, मीठ-मिरची आणि पाण्याची पिंपे हाच मुख्य शिधा असे. भारतीय खलाशांच्या जहाजांवर स्वयंपाक करणाऱ्यास ‘भंडारी’ म्हणत. कोठाराची जबाबदारी आणि चूल एकाच माणसाकडे असे, हे त्या शब्दावरूनच कळते. आजच्या सुट्टीच्या सफरीतही हे काम एकाकडेच सोपवणे सोयीचे ठरते. चौघांनी मिळून सामान भरले की मीठ चार वेळा येते आणि काडेपेटी एकदाही येत नाही.

हंगाम आणि मार्ग

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौकांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. नैर्ऋत्य मोसमी पावसात समुद्र खवळलेला असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. मुंबई ते पणजी हे समुद्रमार्गे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने न थांबता ते दोन दिवसांत कापता येते, परंतु सुट्टीसाठी निघालेली मंडळी मुरुड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशा ठिकाणी नांगर टाकत पाच-सहा दिवस घेतात.

या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे जोर धरतात. दुपारच्या वाऱ्यात नौका एका अंगाला कलते आणि कलत्या नौकेत उकळते पातेले सांभाळणे धोक्याचे असते. म्हणून मुख्य स्वयंपाक सकाळी उरकून दुपारचे जेवण एका हाताने खाता येईल असे ठेवतात. दुसरा हात नौकेला धरण्यासाठी मोकळा लागतो. पोळीची गुंडाळी, दशमी, लाडू, केळे हे पदार्थ या कामी येतात, आमटी-भात येत नाही.

पाणी

पिणे व स्वयंपाक मिळून माणशी दररोज चार लिटर गोडे पाणी धरण्याची रीत आहे. सहा माणसांच्या सहा दिवसांच्या सफरीला यानुसार १४४ लिटर पाणी लागते. वारा पडणे, बिघाड होणे किंवा टाकी दूषित होणे या शक्यतांसाठी एक तृतीयांश राखीव धरल्यास हा आकडा १९२ लिटर होतो. अंघोळ आणि भांडी यांचा त्यात समावेश नाही. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळतात, तर बंदराजवळच्या गढूळ पाण्यात तेही टाळतात.

सर्व पाणी एकाच टाकीत ठेवू नये, हा यातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. टाकीला चीर गेली, तिच्यात डिझेल झिरपले किंवा समुद्राचे पाणी शिरले, तर संपूर्ण साठा एका क्षणात निरुपयोगी होतो. म्हणून निम्मे पाणी टाकीत, काही वीस लिटरच्या डब्यांत आणि काही बंद बाटल्यांत विभागतात. डबे काठोकाठ भरत नाहीत. थोडी हवा राहिली तर गोड्या पाण्याचा डबा समुद्रात पडला तरी तरंगतो. राखीव पाण्याला रोजच्या वापरासाठी हात लावायचा नाही, हे निघतानाच सर्वांना सांगावे लागते.

समुद्राचे पाणी पिणे हा पर्याय नाही. त्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाचे मूत्रपिंड एवढे तीव्र क्षार बाहेर टाकू शकत नाही; ते टाकण्यासाठी शरीरातले पाणीच खर्च होते आणि तहान वाढत जाते. लांबच्या सफरीच्या नौकांवर व्यस्त परासरणाने खारे पाणी गोडे करणारे यंत्र असते. मात्र ते विजेवर चालते आणि वीज गेली की तेही थांबते. त्यामुळे यंत्र असले तरी पाण्याचा किमान साठा सोडत नाहीत, आणि पाऊस आल्यास शिडावरून ओघळणारे पाणी धरण्याची सोय करून ठेवतात. पहिल्या सरीचे पाणी खारट असते, ते जाऊ देतात.

किनाऱ्यावरील वस्तीत पाणी भरून घेता येईल असे गृहीत धरणेही चुकीचे ठरू शकते. सिंधुदुर्गासारख्या चहूबाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, पण सगळीच बेटे इतकी भाग्यवान नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील अनेक गावांनाच टंचाई असते. अशा गावात नौकेसाठी दोनशे लिटर पाणी मागणे शोभत नाही.

अंजदीव ते मालिंदी

शिधा अपुरा किंवा एकांगी असल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण याच किनाऱ्यावरून सुरू झालेल्या एका प्रवासाचे आहे. वास्को द गामाच्या जहाजांनी १४९८ च्या एप्रिल-मे महिन्यांत आफ्रिकेतील मालिंदीहून मलबारपर्यंतचे अंतर अनुकूल वाऱ्यामुळे सुमारे तेवीस दिवसांत पार केले. परतताना मात्र त्याने वाऱ्याचा हंगाम पाहिला नाही. ५ ऑक्टोबर १४९८ रोजी कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघालेल्या जहाजांना आफ्रिकेचा किनारा दिसला तो २ जानेवारी १४९९ रोजी. वाटेत वारा वारंवार पडला आणि हिरड्या सुजण्याचा, अंगावर सूज येण्याचा रोग पसरला. या एकाच टप्प्यात सुमारे तीस माणसे दगावली आणि प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे सात-आठ जणच उरले. मालिंदीला पोहोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवण्यात आली, अशी नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे.

हा रोग म्हणजे स्कर्व्ही. तो जीवनसत्त्व ‘क’च्या अभावाने होतो, आहारातून ते पूर्णपणे गेल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसू लागतात. ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड याने १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ या युद्धनौकेवर बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. रोज दोन संत्री व एक लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. सहा दिवसांत फळेच संपली, तरी तोवर त्यांतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता. असे असूनही ब्रिटिश नौदलाने लिंबूरस नियमित देण्यास १७९५ साल उजाडले. लिंडने टिकाऊपणासाठी रस आटवण्याची सुचवलेली कृतीही फसवी होती, कारण उष्णतेने त्यातील जीवनसत्त्वच नष्ट होई.

कोरडे धान्य आणि मोड

भरलेले कोठार स्कर्व्हीपासून वाचवतेच असे नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे १९१५-१६ मध्ये वेढ्यात सापडलेल्या सैन्यातील भारतीय शिपायांना आटा आणि डाळ मिळत होती, तरी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. कोरड्या डाळीत व पिठात जीवनसत्त्व ‘क’ जवळजवळ नसते. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तेच कडधान्य भिजवून मोड आणल्यास त्यात हे जीवनसत्त्व तयार होते.

मराठी स्वयंपाकघरासाठी ही बाब विशेष सोयीची आहे. मटकी, मूग किंवा मसूर यांना मोड आणण्यासाठी फडके, थोडे पाणी आणि एक-दोन दिवस एवढेच लागते. शीतपेटी लागत नाही. मात्र उसळ शिजवल्याने जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, म्हणून मोडांचा थोडा भाग लिंबू पिळून कच्चा खातात. आंबटपणावरून जीवनसत्त्व ‘क’चा अंदाज बांधणे चुकीचे आहे. आमसूल आणि चिंच आंबट असूनही या कामी फारशी उपयोगी नाहीत. आवळा मात्र वाळवल्यावरही बऱ्याच प्रमाणात उपयोगी राहतो.

पाच-सहा दिवसांच्या कोकण सफरीत स्कर्व्हीचा प्रश्न उद्‌भवत नाही, हेही सांगायला हवे. तेथे फळे लागतात ती तहानेसाठी, तोंडाला चव येण्यासाठी आणि पोट साफ राहण्यासाठी.

संत्री

नौकानयनाचा हंगाम आणि विदर्भातील संत्र्याचा हंगाम एकमेकांशी बरेचसे जुळतात. नागपुरी संत्र्याचा पट्टा नागपूर, अमरावती व वर्धा जिल्ह्यांत पसरलेला आहे. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर असलेले तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव या पट्ट्यात येते. समुद्रापासून इतक्या दूर पिकणारे हे फळ नौकेवरच्या टोपलीत मात्र अगदी योग्य वेळी पोहोचते. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात येतात. म्हणजे पावसाळा संपून नौका पाण्यात उतरल्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत संत्री मिळत राहतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

नौकेवर या फळाचे दोन गुण आणि एक अवगुण जाणवतात. साल ढिली असल्याने सुरीविना एका हाताने सोलता येते आणि रसामुळे मळमळणाऱ्यालाही ते खाववते. पण त्याच ढिल्या सालीमुळे ते दाबले की लगेच डागाळते आणि मोसंबी किंवा लिंबाइतके टिकत नाही. पोत्यात भरलेली संत्री नौकेच्या हेलकाव्यांनी दोन दिवसांत खालून सडू लागतात. त्यामुळे ती किंचित कच्ची, देठासह काढलेली निवडून, कागदात वेगवेगळी गुंडाळून, हवेशीर क्रेटमध्ये एक-दोन थरांतच ठेवतात आणि रोज चाळवतात. आधी संत्री, मग मोसंबी, शेवटी लिंबू व आवळा, असा खाण्याचा क्रम ठेवल्यास फळे वाया जात नाहीत.

धान्य, भाज्या व टिकाऊ पदार्थ

धान्य, पीठ आणि डाळ मिळून माणशी दररोज ४०० ते ४५० ग्रॅम धरल्यास सहा माणसांना सहा दिवसांसाठी साडेचौदा ते सोळा किलो कोरडा शिधा लागतो. पहिल्या दोन दिवसांत मात्र बहुतेकांची भूक निम्म्यावर येते. समुद्र लागलेल्या माणसाला तळलेल्या, मसालेदार पदार्थांचा वासही नको असतो. मऊ भात, मेतकूट, कोरडा टोस्ट, भाजलेले पोहे, साखर-मिठाचे पाणी एवढे चालते. आल्याचा उपयोग होतो असे अनेक खलाशी मानतात, मात्र त्याबाबतचा वैज्ञानिक पुरावा संमिश्र आहे.

मराठी घरातील प्रवासाचे पदार्थ नौकेलाही मानवतात. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस मऊ राहतात, गुळपोळी त्याहून अधिक टिकते. भाजणी, सातूचे पीठ, दाण्याची व जवसाची चटणी, लोणचे, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा यांना शीतपेटी लागत नाही. विदर्भात उन्हाळ्यात घातलेले सांडगे आणि इतर वाळवणाचे पदार्थ हिरवी भाजी संपल्यावर उपयोगी पडतात. कोकणात तीच जागा सोडे आणि सुके बोंबील घेतात. सुक्या मासळीचा वास बंद केबिनमध्ये सर्वांना सोसवेल का, याचा विचार आधी करावा. पापड-कुरडया मात्र कढईभर तेलाशिवाय होत नाहीत, आणि चालत्या नौकेवर तळणे हा निखालस अविचार आहे.

भाज्यांमध्ये लाल भोपळा, कोहळा, सुरण, कोबी, कांदा व बटाटा टिकतात. पालेभाजी पहिल्या दिवशीच संपवतात. कांदा आणि बटाटा शेजारी ठेवल्यास दोन्ही लवकर खराब होतात, आणि पिकत्या केळ्यांजवळ ठेवलेली इतर फळेही झपाट्याने पिकतात. म्हणून कांदे एका जाळीत, बटाटे अंधाऱ्या जागी आणि केळी बाहेर टांगून ठेवतात. न धुतलेली अंडी थंड जागी शीतपेटीविना बरेच दिवस राहतात. पाण्यात टाकल्यावर तरंगणारे अंडे टाकून द्यावे.

साठा रचणे

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे दोनशे लिटर पाणी म्हणजे तीन माणसांचे वजन. असे वजन नौकेच्या मध्यभागी आणि शक्य तितके खाली ठेवतात. पुढच्या टोकाशी, म्हणजे नाळेकडे, वजन साचले तर नौका लाटेत नाक खुपसू लागते. एका बाजूला साचले तर वारा नसतानाही ती कललेली राहते.

पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच ठेवून येतात, कारण त्यांच्या घड्यांतून झुरळे व त्यांची अंडी आत येतात. डबाबंद पदार्थ तळाशी ठेवल्यास ओलाव्याने कागदी वेष्टने सुटतात. सगळे डबे सारखेच दिसू लागतात आणि राजम्याच्या जागी अननस उघडला जातो. डब्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहिणे हा त्यावरचा उपाय आहे. कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात आहे, याची यादी केबिनमध्ये लावतात.

वेष्टने आधीच काढण्याचे आणखी एक कारण कायद्याचे आहे. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखण्याच्या मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार प्लॅस्टिक समुद्रात कोठेही टाकता येत नाही. अन्नाचा कचराही सर्वसाधारणपणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडेच टाकता येतो. चालत्या जहाजावरून, बारीक केलेला असल्यास तीन मैलांपलीकडे. कोकण किनाऱ्यालगतची सुट्टीची सफर बहुधा या मर्यादेच्या आतच असते, म्हणून संत्र्याच्या सालीसुद्धा परत आणाव्या लागतात.

चूल आणि इंधन

नौकेवरील शेगडी दोन खुंट्यांवर झुलती बसवलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडे सरळ राहते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळलेला गॅस दाराखालून बाहेर जाऊ शकतो, पण नौकेत तो तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. यासाठी सिलिंडर बाहेर निचरा असलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतात आणि स्वयंपाक झाल्यावर शेगडीबरोबर सिलिंडरची कळही बंद करतात.

प्रेशर कुकर हे भारतीय स्वयंपाकघरातील नौकेसाठी सर्वांत योग्य भांडे म्हणावे लागेल. झाकण घट्ट बसत असल्याने तो कलंडला तरी अन्न सांडत नाही, आणि इंधन व पाणी दोन्ही वाचते. वरण-भातासाठी तो निम्म्याहून अधिक भरत नाहीत.

पेये आणि मद्य

चहा-कॉफी, कोकम सरबत, लिंबू सरबत आणि ताक ही नेहमीची पेये आहेत; दूध पावडरीच्या रूपात नेतात. रात्रपाळी करणाऱ्यासाठी संध्याकाळीच थर्मासमध्ये चहा भरून ठेवतात, म्हणजे काळोखात शेगडी पेटवावी लागत नाही.

मद्याबाबत महाराष्ट्र व गोवा यांचे कायदे वेगळे आहेत. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि गोव्यात घेतलेले मद्य परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. पणजीहून वेंगुर्ल्याकडे निघालेल्या नौकेलाही हा नियम लागू होतो. वर्धा जिल्ह्यात तर संपूर्ण दारूबंदी आहे, त्यामुळे तेथून समुद्रावर आलेल्या पाहुण्याला हा फरक अधिकच जाणवतो. नौका चालू असताना मद्य टाळणे आणि नांगर टाकल्यावरही किमान एकाने शुद्धीत राहणे, ही कायद्यापलीकडची रीत आहे. रात्री नांगर घसरला तर तो ओढणारा कोणीतरी हवा.

दीर्घ सफरींचा अनुभव

भारतात शिध्याची सर्वांत कसोशीची तयारी गोव्याशी निगडित असलेल्या भारतीय नौदलाच्या सागर परिक्रमांमध्ये झाली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन येथे थांबले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. न थांबणाऱ्या सफरीत वाटेत काहीच भरून घेता येत नाही; पाच महिन्यांचा शिधा पहिल्या दिवशीच नौकेवर असावा लागतो.

‘तारिणी’ या नौकेतून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. व रूपा ए. या दोघींनी प्रदक्षिणा केली. अशा मोहिमांसाठी म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले टिकाऊ तयार पदार्थ उपयोगी पडतात. उपमा, पुलाव यांसारखे पदार्थ पाकिटात बंद करून उच्च तापमानाला निर्जंतुक केलेले असतात आणि फक्त गरम करून खाता येतात. थांब्यांचाही एक पेच असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे जैवसुरक्षा नियम कडक असल्याने उरलेली ताजी फळे, भाज्या व मांस तेथे जप्त होते. म्हणून ताजा माल बंदर येईपर्यंत संपेल आणि तरी वारा पडल्यास कोरडा शिधा पुरेल, असा हिशेब बसवावा लागतो.

साठा आहे, पण हाताशी नाही, ही अवस्था किती गंभीर असते हे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दिसले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही नौका उलटून डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. नौकेवर महिनोन्‌महिने पुरेल एवढा शिधा होता, परंतु बिछान्यातून उठता येत नसल्याने तो मिळवणे त्यांना शक्य नव्हते. संकटकाळासाठी भरलेल्या पिशवीपर्यंतही पोहोचणे कठीण होते. जवळ असलेल्या शीतचहाच्या डब्यांवरच त्यांना भागवावे लागले आणि तोही उलटून पडत होता. २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. पुढे २०२२-२३ च्या याच शर्यतीत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.

सुट्टीच्या लहान सफरीतही प्रत्येक झोपण्याच्या जागेजवळ पाण्याची एक बंद बाटली आणि थोडा कोरडा खाऊ बांधून ठेवतात. संकटकाळाच्या पिशवीत पाणी, साखर-मीठ, लाडू किंवा चिक्की, शिटी व विजेरी असते. ही पिशवी केबिनच्या दाराशी, झोपूनही हात पोहोचेल अशा उंचीवर अडकवतात.